पँझर डिव्हिजनची जडणघडण आणि विघटन (१९३५–१९४५) : एक चिकित्सक अभ्यास

बीजसंज्ञा : पँझर डिव्हिजन, चिलखती दल, ब्लिट्झक्रीग, रसद, टोब्रुक, दुसरे महायुद्ध

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात जर्मनीच्या रणगाडा दलाला जेवढी प्रसिद्धी मिळाली, तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या सेनाविभागाच्या वाट्याला आली असेल. आधुनिक जगाच्या इतिहासाचे अध्यापन करताना 'ब्लिट्झक्रीग' म्हणजे विद्युत्‌गती युद्ध ही संकल्पना येते आणि तिच्याबरोबर एक ठरावीक स्पष्टीकरणही येते. जर्मनीकडे संख्येने जास्त व दर्जाने श्रेष्ठ रणगाडे होते, म्हणून १९४० मध्ये फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला. पुढे रशियाचा हिवाळा, हिटलरची ढवळाढवळ आणि शत्रूचे अफाट संख्याबळ यांमुळे तेच दल पराभूत झाले. हे स्पष्टीकरण सोपे व लक्षात राहणारे आहे. तथापि त्याचा पहिला भाग वस्तुस्थितीला धरून नाही आणि दुसरा भाग मुख्यत्वे पराभूत सेनापतींनी युद्धानंतर लिहिलेल्या आठवणींतून आलेला आहे.

प्रस्तुत लेखात पँझर डिव्हिजन या संघटनेचा दहा वर्षांचा प्रवास तपासण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे. पँझर डिव्हिजनचे सामर्थ्य रणगाडा या यंत्रात नव्हते, तर रणगाडे, पायदळ, तोफखाना, अभियंता दल, संदेशवहन आणि रसद यांच्या परस्पर मेळात होते. हा मेळ जर्मन नेतृत्वाने आपल्याच निर्णयांनी टप्प्याटप्प्याने मोडीत काढला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) पँझर डिव्हिजनच्या रचनेमागील विचार स्पष्ट करणे.
२) १९४० ते १९४२ या काळातील निवडक लढायांच्या आधारे या रचनेचे बलस्थान निश्चित करणे.
३) डिव्हिजन्सच्या विस्ताराचा व रसदव्यवस्थेचा रणक्षेत्रावर आणि नागरी जीवनावर झालेला परिणाम तपासणे.
४) या दलाविषयीच्या प्रचलित समजांचा उगम शोधणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

१. व्हर्साय ते वायमार : संघटनेचा जन्म

१९१९ च्या व्हर्साय तहाने जर्मन लष्कराची संख्या एक लाखावर आणली आणि रणगाडे बाळगण्यास पूर्ण मनाई केली. या बंदीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. ब्रिटन व फ्रान्स यांच्याकडे पहिल्या महायुद्धातील शेकडो जुने रणगाडे होते आणि ते पायदळाच्या गतीने वापरण्याची सवयही होती. जर्मन अधिकाऱ्यांकडे यंत्रच नसल्याने त्यांना प्रथम विचार करावा लागला. हान्स फॉन झेक्ट यांच्या नेतृत्वाखालील लहानशा लष्कराने गतिमान युद्ध, कनिष्ठ अधिकाऱ्याला निर्णयस्वातंत्र्य आणि विविध दलांचे सहकार्य यांवर भर दिला. जे. एफ. सी. फुलर व लिडेल हार्ट यांचे लेखन आणि १९२७ मधील ब्रिटिश यांत्रिक दलाचे प्रयोग जर्मनीत लक्षपूर्वक अभ्यासले गेले. १९२९ ते १९३३ या काळात सोव्हिएत रशियातील कझानजवळ 'कामा' या गुप्त प्रशिक्षण केंद्रात जर्मन अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष रणगाडे हाताळले. पुढे ज्या देशावर हे दल तुटून पडणार होते, त्याच देशाच्या भूमीवर त्याचे प्राथमिक शिक्षण झाले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

हिटलर सत्तेवर आल्यानंतर १५ ऑक्टोबर १९३५ रोजी पहिल्या तीन पँझर डिव्हिजन्स अनुक्रमे वायमार, व्युर्त्सबुर्ग व बर्लिन येथे स्थापन झाल्या. यामागे ओस्वाल्ड लुट्झ आणि त्यांचे प्रमुख सहकारी हाइन्त्स गुडेरियन यांचे परिश्रम होते. गुडेरियन हे पहिल्या महायुद्धात बिनतारी संदेश विभागात काम केलेले अधिकारी होते. प्रत्येक रणगाड्यात बिनतारी संच असला पाहिजे आणि सेनापतीने पिछाडीच्या मुख्यालयात न बसता आघाडीवरून संदेशाद्वारे सूत्रे हलविली पाहिजेत, हा आग्रह त्या अनुभवातून आलेला होता.

नव्या डिव्हिजनमध्ये चार रणगाडा बटालियनची एक ब्रिगेड होती. तिच्या जोडीला मोटारवाहनांतून जाणारे पायदळ, मोटारसायकलस्वार, ओढगाड्यांनी ओढला जाणारा तोफखाना, रणगाडाविरोधी तोफा, टेहळणी तुकडी, अभियंता दल, संदेशवहन विभाग, दुरुस्ती कार्यशाळा आणि स्वतःचे रसद पथक होते. या सर्वांनी एकाच गतीने चालावे हे या रचनेचे सूत्र होते. रणगाडा पुढे गेला आणि पायदळ मागे राहिले तर दोघेही दुबळे ठरतात, ही जाणीव त्यामागे होती. याच वेळी ब्रिटन व फ्रान्समध्ये रणगाड्यांचा एक भाग पायदळाच्या मदतीला व एक भाग घोडदळाच्या जागी, अशी विभागणी केली जात होती.

२. सेदाँ, मे १९४० : विजय कोणाचा?

पोलंडच्या मोहिमेत, सप्टेंबर १९३९ मध्ये, सहा पँझर डिव्हिजन्स आणि चार 'हलक्या' डिव्हिजन्स उतरल्या. हलक्या डिव्हिजन्समधील रणगाड्यांची संख्या अपुरी असल्याचे अनुभवास आले. त्यामुळे त्यांचे पुढील हिवाळ्यात पँझर डिव्हिजन्समध्ये रूपांतर करण्यात आले. अशा प्रकारे मे १९४० मध्ये जर्मनीकडे दहा पँझर डिव्हिजन्स होत्या.

या दहा डिव्हिजन्समध्ये सुमारे २,४४० रणगाडे होते. त्यांपैकी जवळपास साठ टक्के रणगाडे पँझर १ व पँझर २ या प्रकारचे, म्हणजे केवळ मशीनगन किंवा २० मिलीमीटर तोफ असलेले होते. पँझर ३ व पँझर ४ हे खऱ्या अर्थाने लढाऊ रणगाडे एक चतुर्थांशाच्या आसपास होते. उर्वरित रणगाडे १९३९ मध्ये गिळंकृत केलेल्या चेकोस्लोव्हाकियाच्या कारखान्यांतील होते. याउलट एकट्या फ्रान्सकडे तीन हजारांहून अधिक रणगाडे होते आणि त्यांतील सोमुआ व शार बी-१ यांचे चिलखत जर्मन रणगाड्यांच्या तुलनेत जाड होते. संख्या व चिलखत या दोन्ही कसोट्यांवर जर्मनी वरचढ नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

फरक होता तो उपयोजनात. फ्रेंच रणगाड्याच्या बुरुजात एकच सैनिक असे. त्यालाच शत्रू शोधावा लागे, तोफ भरावी लागे, नेम धरावा लागे आणि हुकूमही द्यावे लागत. पँझर ३ व ४ च्या बुरुजात तीन सैनिक असत. त्यामुळे रणगाड्याचा प्रमुख फक्त पाहण्यास व आदेश देण्यास मोकळा राही. अनेक फ्रेंच रणगाड्यांत बिनतारी संच नव्हते. इंधन भरण्याच्या पद्धतीतही असाच फरक होता. १५ मे १९४० रोजी बेल्जियममधील फ्लाव्हियाँ येथे फ्रान्सची पहिली चिलखती डिव्हिजन इंधनाच्या टँकरची वाट पाहत थांबलेली असताना जर्मनांच्या तावडीत सापडली आणि तिचा बहुतांश भाग नष्ट झाला. जर्मन पथके वीस लिटरच्या पत्र्याच्या डब्यांतून जागच्या जागी इंधन भरीत असत.

सेदाँ येथील लढाई या संदर्भात विशेष बोलकी आहे. १३ मे १९४० रोजी गुडेरियन यांच्या तीन पँझर डिव्हिजन्सनी म्यूज नदी ओलांडली आणि फ्रान्सच्या संरक्षणाला खिंडार पडले. इतिहासात ही रणगाड्यांची लढाई म्हणून ओळखली जाते. वस्तुतः त्या दिवशी दुपारी नदी ओलांडली ती रबरी होड्यांत बसलेल्या पायदळाने व अभियंत्यांनी. दिवसभर चाललेल्या हवाई हल्ल्यांनी फ्रेंच तोफखान्याला जखडून ठेवले होते. अभियंत्यांनी रात्री पूल उभारल्यानंतरच रणगाडे पलीकडे जाऊ लागले. १४ मे रोजी दोस्तांच्या विमानांनी त्या पुलावर वारंवार हल्ले केले, ते विमानविरोधी तोफांनी परतवून लावले. रणगाड्यांचे काम त्यानंतर सुरू झाले. २० मे रोजी दुसरी पँझर डिव्हिजन आबव्हिल येथे समुद्राजवळ पोहोचली, तेव्हा तिने त्या फटीचा लाभ घेतला होता. ती फट पाडली होती इतरांनी.

३. टोब्रुक : एकाच तटबंदीवरील दोन हल्ले

हाच निष्कर्ष उलट बाजूने पडताळून पाहायचा तर उत्तर आफ्रिकेतील टोब्रुक बंदरावरील दोन हल्ल्यांची तुलना उपयुक्त ठरते. स्थळ एक, हल्ला करणारा सेनापती एक आणि निकाल मात्र भिन्न, असे हे उदाहरण आहे.

एर्विन रोमेल फेब्रुवारी १९४१ मध्ये त्रिपोलीत दाखल झाले आणि एप्रिलमध्ये त्यांनी टोब्रुकला वेढा घातला. १४ एप्रिल १९४१ रोजी त्यांच्या पाचव्या हलक्या डिव्हिजनचे रणगाडे पहाटे तटबंदीत घुसले. तटावरील ऑस्ट्रेलियन पायदळाने रणगाड्यांना जाऊ दिले, आपल्या जागा सोडल्या नाहीत आणि त्यांच्यामागून येणारे जर्मन पायदळ व तोफा अडवून धरल्या. आत एकटे पडलेले रणगाडे थेट नेम धरलेल्या ब्रिटिश तोफांच्या माऱ्यात सापडले आणि हल्ल्यात उतरलेल्यांपैकी जवळपास निम्मे गमावून त्यांना माघार घ्यावी लागली. डिव्हिजनचा मेळ तुटला की रणगाडा किती असहाय होतो, याचे हे प्रात्यक्षिक होते.

चौदा महिन्यांनी, २० जून १९४२ रोजी, दुसरा हल्ला झाला. तो तटबंदीच्या आग्नेय भागावर झाला. तेथे अकराव्या भारतीय ब्रिगेडचे मोर्चे होते आणि नेमक्या हल्ल्याच्या जागी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. १९४१ च्या आरंभी एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर इटालियन सैन्याविरुद्ध कठीण लढाई लढलेली ही बटालियन होती. मधल्या काळात टोब्रुकच्या संरक्षणाकडे दुर्लक्ष झाले होते. रणगाडे अडविण्यासाठी खणलेला खंदक ठिकठिकाणी वाळूने भरून आला होता आणि सुरुंगक्षेत्रांतील बरेच सुरुंग काढून इतरत्र वापरण्यात आले होते.

या वेळी जर्मनांनी क्रम बदलला. पहाटे प्रथम विमानांनी त्या अरुंद भागावर एकवटून बाँबफेक केली, त्यापाठोपाठ तोफखान्याने मारा केला. मग अभियंत्यांनी सुरुंगातून वाटा काढल्या व खंदकावर पूल टाकले. पायदळाने मराठा सैनिकांची मोर्चाठाणी एकेक करून घेतली आणि त्यानंतरच पंधराव्या व एकविसाव्या पँझर डिव्हिजन्सचे रणगाडे आत शिरले. अपुऱ्या रणगाडाविरोधी साधनांनिशी लढणाऱ्या या बटालियनच्या मदतीला प्रतिहल्ला वेळेवर आला नाही आणि तिची आघाडी सकाळीच फोडली गेली. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, टोब्रुक शरण आले आणि तीस हजारांहून अधिक सैनिक युद्धकैदी झाले. त्यांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून भरती झालेले अनेक जवान होते. 'रोमेलचे रणगाडे' या एका शब्दप्रयोगात त्या सकाळचे वर्णन उरकले जाते. परंतु मराठा बटालियनसमोर उभे होते ते केवळ रणगाडे नव्हते. पाच-सहा दलांचे एक सुसंघटित यंत्र तिच्यासमोर होते, आणि तिच्या स्वतःच्या बाजूला नेमका तोच मेळ नव्हता. त्या पराभवाचे मूल्यमापन करताना ही बाब दृष्टिआड करणे त्या सैनिकांवर अन्याय करणारे ठरेल.

४. विस्तार की विरलता?

टोब्रुकला दिसलेला हा मेळ पूर्व आघाडीवर मात्र त्यापूर्वीच विस्कटू लागला होता. त्याची कारणे शोधण्यासाठी १९४० च्या उन्हाळ्याकडे परत वळावे लागते. फ्रान्सवरील विजयानंतर हिटलरने पँझर डिव्हिजन्सची संख्या दहावरून वीस करण्याचा आदेश दिला. रणगाड्यांचे उत्पादन मात्र त्या प्रमाणात वाढले नव्हते. त्यामुळे जुन्या डिव्हिजन्समधून रणगाड्यांची एकेक रेजिमेंट काढून नव्या डिव्हिजन्स उभारण्यात आल्या. चार बटालियनच्या जागी दोन, क्वचित तीन बटालियन उरल्या. १९३५ च्या आराखड्यात तीनशेहून अधिक रणगाडे असलेली डिव्हिजन आता दीडशे ते दोनशे रणगाड्यांवर आली.

या निर्णयाला दुसरी बाजूही होती. रणगाडे कमी झाल्याने पायदळाशी असलेले त्यांचे प्रमाण सुधारले आणि डिव्हिजन अधिक संतुलित झाली, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते अंशतः ग्राह्य आहे. परंतु संतुलनासाठी रणगाड्यांइतकीच वाहनेही लागतात आणि ती जर्मनीकडे नव्हती. नव्या डिव्हिजन्सची गरज फ्रान्समध्ये जप्त केलेल्या मालमोटारींनी भागविण्यात आली. त्यामुळे एकाच पथकात अनेक देशांची, अनेक बनावटींची वाहने आली आणि त्यांच्या सुट्या भागांचा पुरवठा ही कधीही न सुटणारी अडचण होऊन बसली.

२२ जून १९४१ रोजी सोव्हिएत रशियावर आक्रमण झाले तेव्हा वीसपैकी सतरा पँझर डिव्हिजन्स पूर्वेकडे होत्या. त्यांच्यासह आक्रमणात एकूण सुमारे ३,३५० रणगाडे होते आणि त्यांपैकी पँझर ३ व ४ सुमारे १,४०० होते. याच सैन्यात सहा लाखांहून अधिक घोडे होते. यांत्रिक युद्धाचे प्रतीक मानल्या गेलेल्या या लष्कराचा बहुसंख्य भाग पायी चालत होता आणि त्याच्या तोफा व गाड्या घोडे ओढत होते. चिलखती दल पुढे धावे आणि शेकडो किलोमीटर मागे राहिलेले पायदळ येईपर्यंत वेढा धरून बसे. वेढ्यात सापडलेल्या लाखो सोव्हिएत सैनिकांना रोखण्याचे काम रणगाड्यांचे नव्हते, तरी ते त्यांनाच करावे लागले.

त्यात रस्ते कच्चे, धुळीचे व पावसात चिखलाचे होते. रशियन लोहमार्गाची रुंदी जर्मन मार्गापेक्षा जास्त असल्याने रुळ बदलल्याशिवाय जर्मन गाड्या पुढे जाऊ शकत नव्हत्या. धुळीने इंजिने झिजली, तेलाचा वापर वाढला आणि नवी इंजिने जर्मनीतच अडून राहिली. सप्टेंबर १९४१ मध्ये गुडेरियन व क्लाइस्ट यांची पथके कीव्हच्या पूर्वेस एकमेकांना मिळाली आणि साडेसहा लाखांहून अधिक सैनिक पकडल्याचा दावा जर्मनीने केला. हा विजय मोठा होता, परंतु तो झिजलेल्या यंत्रांनी मिळविलेला होता. ऑक्टोबरमध्ये मत्सेन्स्कजवळ चौथ्या पँझर डिव्हिजनला सोव्हिएत टी-३४ रणगाड्यांनी जबर तडाखा दिला. मार्च १९४२ अखेर पूर्व आघाडीवरील सोळा पँझर डिव्हिजन्समध्ये मिळून जेमतेम १४० रणगाडे लढण्याच्या स्थितीत होते. हिवाळ्याने हे संकट तीव्र केले हे खरे, परंतु पहिला बर्फ पडण्यापूर्वीच ते सुरू झाले होते.

१९४२ च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडील मोहिमेसाठी उत्तर व मध्य आघाड्यांवरील डिव्हिजन्सचे रणगाडे काढून घेण्यात आले. तेथील अनेक पँझर डिव्हिजन्समध्ये एकच रणगाडा बटालियन उरली. नाव मात्र पँझर डिव्हिजन हेच राहिले. नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडच्या बगलेवर राखीव ठेवलेल्या बाविसाव्या पँझर डिव्हिजनचे रणगाडे इंधनाअभावी गवताखाली झाकून उभे होते. सोव्हिएत हल्ला झाला तेव्हा उंदरांनी विजेच्या तारा कुरतडल्यामुळे त्यांतील अनेक सुरूच झाले नाहीत. हा प्रसंग गमतीदार किस्सा म्हणून सांगितला जातो. त्याचे खरे कारण उंदीर नसून महिनोन्‌महिने न मिळालेले इंधन हे होते. फेब्रुवारी १९४३ च्या आरंभी स्टालिनग्राड येथे १४, १६ व २४ या तीन पँझर डिव्हिजन्स संपूर्ण नष्ट झाल्या.

५. रसद आणि संहार

पँझर दलाची चर्चा बहुधा रणनीतीपुरती मर्यादित ठेवली जाते. तथापि पूर्वेकडील मोहिमेत रसदव्यवस्था व संहार यांचा निकटचा संबंध होता. रेल्वे व मालमोटारी इंधन आणि दारूगोळा वाहून नेण्यासच अपुऱ्या पडणार, हे मोहिमेपूर्वीच्या नियोजनात ठाऊक होते. म्हणून सैन्याने अन्न जिंकलेल्या प्रदेशातूनच घ्यावे असे ठरविण्यात आले. त्यामुळे लक्षावधी नागरिक उपाशी मरतील याची नियोजनकर्त्यांना कल्पना होती. गतिमान युद्धाची किंमत अशा रीतीने खेड्यांतील धान्याच्या कोठारांतून व गोठ्यांतून वसूल करण्यात आली.

युद्धकैद्यांचे भवितव्यही याच्याशी जोडलेले होते. प्रचंड वेढे घालण्याची योजना होती, परंतु वेढ्यात सापडणाऱ्या माणसांना अन्न व निवारा देण्याची योजना नव्हती. जर्मनांनी पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी सुमारे ३३ लाख कैदेत मृत्युमुखी पडले. सोव्हिएत लष्करातील राजकीय अधिकाऱ्यांना पकडताच ठार मारण्याचा आदेश जून १९४१ मध्ये निघाला आणि पूर्व आघाडीवरील बहुसंख्य डिव्हिजन्सनी तो अमलात आणल्याचे संशोधनातून सिद्ध झाले आहे. चौथ्या पँझर ग्रुपचे प्रमुख एरिख होप्नर यांनी त्यापूर्वीच, मे १९४१ मध्ये, हे युद्ध निर्दयपणे लढण्याची लेखी आज्ञा आपल्या पथकांना दिली होती. हेच होप्नर १९४४ मध्ये हिटलरविरोधी कटात सहभागी म्हणून फासावर गेले. एकाच व्यक्तीच्या चरित्रातील या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. पहिली गाळून दुसरी सांगितली की इतिहासाचा तोल जातो.

पश्चिम आघाडीही या हिंसेपासून मुक्त नव्हती. १० जून १९४४ रोजी 'दास राइश' या एसएस पँझर डिव्हिजनच्या तुकडीने फ्रान्समधील ओरादूर-सुर-ग्लान या गावातील सहाशेहून अधिक स्त्री-पुरुष व मुले ठार मारली.

६. यंत्रावरील भिस्त : १९४३ ते १९४५

स्टालिनग्राडनंतर गुडेरियन यांची चिलखती दलाचे महानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. विस्कटलेल्या जुन्या डिव्हिजन्स पुन्हा पूर्ण बळावर आणाव्यात, अशी त्यांची भूमिका होती. हिटलरचा ओढा मात्र नव्या यंत्रांकडे व नव्या पथकांकडे होता. जुलै १९४३ मध्ये कुर्स्क येथे २०० नवे पँथर रणगाडे पुरेशा चाचण्यांशिवाय रणात आणण्यात आले. यांत्रिक बिघाड, इंजिनांना लागणाऱ्या आगी व सुरुंग यांमुळे त्यांपैकी बहुसंख्य काही दिवसांतच निकामी झाले. ५७ टन वजनाचा टायगर बंद पडला तर तो ओढून नेण्यास १८ टनी ओढगाड्या एका वेळी दोन-तीन लागत. दुरुस्तीपेक्षा निर्मितीला आणि सुट्या भागांपेक्षा पूर्ण रणगाड्यांच्या आकड्याला महत्त्व आले होते.

उत्पादनाचे आकडे हीच गोष्ट सांगतात. संपूर्ण युद्धकाळात टायगर-१ सुमारे १,३५० आणि पँथर सुमारे ६,००० तयार झाले. सोव्हिएत टी-३४ व अमेरिकी शर्मन यांची संख्या प्रत्येकी पन्नास हजारांच्या घरात किंवा त्याहून अधिक होती. केवळ श्रेष्ठ यंत्राने ही तफावत भरून निघणे शक्य नव्हते. भरून निघण्याची थोडीफार शक्यता होती ती संघटनेच्या बळावर, आणि तेच बळ खर्ची पडले होते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९४४ च्या उन्हाळ्यात उभारलेल्या स्वतंत्र पँझर ब्रिगेड्समध्ये सापडतो. जुन्या अनुभवी डिव्हिजन्स रणगाड्यांवाचून झुरत असताना कारखान्यातून आलेले नवे पँथर या ब्रिगेड्सना देण्यात आले. त्यांच्याकडे पुरेसा तोफखाना नव्हता, टेहळणी दुबळी होती, दुरुस्तीची व्यवस्था अपुरी होती आणि पथकांनी एकत्र सरावही केलेला नव्हता. सप्टेंबर १९४४ मध्ये लोरेन प्रांतातील दाँपेर येथे फ्रेंच दुसऱ्या चिलखती डिव्हिजनने आणि आराकूर येथे अमेरिकेच्या चौथ्या चिलखती डिव्हिजनने या ब्रिगेड्सचा धुव्वा उडविला. दोन्ही ठिकाणी जर्मन रणगाडा चिलखत व तोफ या बाबतींत श्रेष्ठ होता. शत्रूकडे मात्र विमाने, तोफखाना, बिनतारी यंत्रणा व चपळ सहकार्य होते. १९४० मधील नाते येथे पूर्णपणे उलटलेले दिसते. पँझर डिव्हिजनचा मूळ विचार आता तिच्या शत्रूंनी आत्मसात केला होता आणि तिच्या निर्मात्यांनी टाकून दिला होता.

मे १९४४ पासून कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर झालेले हवाई हल्ले आणि ऑगस्टमध्ये रुमानियातील तेलक्षेत्र हातचे जाणे यांनी उरलेसुरले बळही हरपले. डिसेंबर १९४४ मधील आर्देनच्या हल्ल्यात शत्रूचे इंधनसाठे हस्तगत होतील या आशेवर रणगाडे पुढे पाठविण्यात आले. त्यांतील आघाडीचे पथक ला ग्लेझ या गावात इंधनावाचून अडकले. २४ डिसेंबरच्या पहाटे आपली वाहने तिथेच सोडून त्याचे सुमारे आठशे सैनिक बर्फातून पायी परतले. चिलखती दलाचा प्रवास पायदळ म्हणून संपला.

७. आठवणींचा इतिहास

एवढे सर्व असताना रणगाड्यांच्या अजिंक्यतेचा समज का टिकला, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर युद्धोत्तर लेखनात आहे. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत लष्कराशी लढण्याचा अनुभव असलेले जर्मन सेनापती अमेरिकेला उपयुक्त वाटू लागले. फ्रान्त्स हाल्डर यांच्या देखरेखीखाली अनेक माजी अधिकाऱ्यांनी अमेरिकी लष्कराच्या इतिहास विभागासाठी लेखन केले. गुडेरियन यांच्या आठवणी १९५० च्या सुमारास व मानश्टाइन यांच्या १९५५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. या लेखनात यशाचे श्रेय सेनापतींकडे, अपयशाचा दोष हिटलरकडे, अशी वाटणी दिसते आणि नागरिक व युद्धकैदी यांना फारसे स्थान नाही. गुडेरियन यांना १९४३ मध्ये व्याप्त पोलंडमध्ये हिटलरकडून मोठी शेतीवाडी मिळाली होती, याचा या संदर्भात विसर पडू नये.

ब्रिटिश लेखक लिडेल हार्ट यांचा वाटाही दुर्लक्षिण्यासारखा नाही. आपल्या विचारांचे ऋण मान्य करणारा परिच्छेद आठवणींत घालावा, अशी विनंती त्यांनी गुडेरियन यांना केली होती. तो परिच्छेद इंग्रजी आवृत्तीत आला, मूळ जर्मन आवृत्तीत तो नव्हता. १९९५ मध्ये कार्ल-हाइन्त्स फ्रीझर यांच्या संशोधनाने 'ब्लिट्झक्रीग' हा पूर्वनियोजित सिद्धान्त नसल्याचे दाखवून दिले आणि त्याच वर्षी जर्मनीत सुरू झालेल्या प्रदर्शनाने नियमित लष्कराचे गुन्हे सामान्य नागरिकांसमोर आणले. त्यानंतर जुने चित्र अभ्यासकांच्या वर्तुळात टिकलेले नाही. वर्गातील अध्यापनात मात्र ते बऱ्याच अंशी टिकून आहे.

निष्कर्ष

१) पँझर डिव्हिजनचे वैशिष्ट्य रणगाड्यांची संख्या किंवा दर्जा हे नसून विविध दलांचा समान गतीने साधलेला मेळ हे होते. सेदाँ व टोब्रुक येथील लढायांवरून हे स्पष्ट होते.

२) १९४०–४१ मधील डिव्हिजन्सच्या दुपटीने कागदावरील बळ वाढले, परंतु वाहने, सुटे भाग व इंधन यांच्या अभावी प्रत्यक्ष बळ विरले. विघटनाची सुरुवात पराभवानंतर झाली नाही. ती विजयाच्या शिखरावर असतानाच झाली.

३) १९४३ नंतर नेतृत्वाने संघटनेची उणीव यंत्राने भरून काढण्याचा प्रयत्न केला. १९४४ च्या पँझर ब्रिगेड्सचा अनुभव हा त्या प्रयत्नाच्या अपयशाचा पुरावा आहे.

४) पूर्व आघाडीवरील गतिमान युद्ध आणि नागरिक व युद्धकैदी यांची उपासमार या दोन स्वतंत्र घटना नव्हत्या. रसदीची उणीव माणसांच्या जिवावर भागविण्यात आली.

५) या दलाविषयीचे प्रचलित ज्ञान मुख्यतः पराभूत सेनापतींच्या आत्मसमर्थनपर लेखनातून आलेले असल्याने अध्यापनात त्याचा वापर साधनचिकित्सेनंतरच व्हावा.

समारोप

यंत्र माणसांच्या नजरेत भरते, संघटना भरत नाही. म्हणूनच संग्रहालयात टायगर रणगाड्याभोवती गर्दी होते आणि इंधनाचा डबा, पूल बांधणारा अभियंता किंवा दुरुस्ती पथकातील कारागीर कोणाच्या लक्षात राहत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र या दुर्लक्षित घटकांकडे पाहिले, तरच १९४० चा विजय व १९४५ चा पराभव यांचा एकत्रित अर्थ लागतो. त्याचबरोबर त्या रणगाड्यांच्या वाटेत आलेली माणसेही त्याने मोजली पाहिजेत. टोब्रुकच्या वाळूत लढलेले मराठा जवान, कीव्हच्या वेढ्यात पकडले गेलेले सोव्हिएत सैनिक आणि ओरादूरचे ग्रामस्थ यांना वगळून लिहिलेला पँझर डिव्हिजनचा इतिहास हा केवळ तिच्या सेनापतींचा इतिहास ठरतो.